तिरडीवरून उठलेला माणूस

चांगो भोईर वयाच्या चोविसाव्या वर्षी एकदा मेला होता, आणि पासष्टीला आला तरी गाव त्याला ते विसरू देत नव्हतं.

कळंबच्या अलीकडे, पोशीर नदीच्या काठावर त्याचं गाव. घरचं भात, मागच्या अंगाला दोन रायवळ आंबे, मुलगा संतोष मोहोपाड्याला रसायनाच्या कारखान्यात, बायको आवडी तोंडाची फटकळ पण हाताची मोकळी. एवढ्याशा संसारावर कुणी गोष्ट सांगत बसत नाही. पण दरवर्षी चैत्रात गावदेवीची पालखी निघाली की चांगो दाराला आतून कडी घालायचा आणि ढोलांचा आवाज नदीकडे विरेपर्यंत कोयत्याला धार लावत बसायचा. कोयत्याला धार आधीच असायची.

पालखीचा पुढचा खांदा भोईरांच्या थोरल्या घराचा. पणज्यापासून चालत आलेला हा मान चांगोच्या बापानं मरेपर्यंत सांभाळला. बापामागं तो चांगोकडे यायचा, तो गेला धाकट्या घरच्या येसाजीकडे. येसाजी म्हणजे चांगोचा चुलतभाऊ, तीन वर्षांनी मोठा, अंगानं रुंद आणि बोलायला साखर. चांगोच्या मते येसाजीनं मान चोरला. येसाजीचं म्हणणं असं की मेलेल्या माणसाचं काही चोरता येत नाही, ते आपोआप जिवंत माणसाकडे येतं.

त्या मरणाची हकिकत अशी.

एक्केचाळीस वर्षांपूर्वी गावात सिनेमावाले आले. एका म्हाताऱ्या पाटलाची गोष्ट होती आणि पाटील झाले होते अण्णा दुर्वे. अण्णा मूळचे कर्जतच्या बाजारपेठेतले, वकिलाच्या घरातले. तेव्हा जेमतेम पस्तिशीचे. पण पांढरी दाढी चिकटवून कमरेत वाकले की गावातले खरे म्हातारे त्यांना सरकून जागा द्यायचे. चांगो आपली बैलगाडी घेऊन कामाला लागला होता. शेवटच्या दिवशी पाटलाची अंत्ययात्रा घ्यायची होती. तिरडी बांधून तयार झाली आणि अण्णा अडून बसले. त्यांची आई कर्जतला अंथरुणाला खिळलेली होती. तिनं लेकाकडून शब्द घेतला होता, की मी आहे तोवर तू सोंग म्हणूनसुद्धा तिरडीवर झोपायचं नाही.

दिग्दर्शकानं आधी कपाळाला हात लावला आणि मग जमलेल्या माणसांवरून नजर फिरवली. ती चांगोच्या नाकावर येऊन थांबली. नाक अण्णांसारखंच तरतरीत, अंगलटही तीच. एका पडवीत नेऊन त्याला दाढी लावली, हनुवटीखालून फडकं बांधलं, नाकपुड्यांत कापूस घातला आणि तोंडावर गुलाल थापला. दिग्दर्शक म्हणाला, आता याची आईसुद्धा याला ओळखणार नाही. अण्णांनी स्वतः चांगोच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं होतं. एवढा मोठा नट आपल्याकडे काहीतरी मागतोय, याच आनंदात चांगो आडवा झाला.

घर ते नदी एका दमात घ्यायचं होतं, कॅमेरा कुठंच थांबायचा नव्हता. भर दुपारची वेळ. वाटेत एक गोमाशी चांगोच्या पापणीवर येऊन बसली. चालत चालत नाकावर गेली, तिथून पुन्हा पापणीवर आली. चांगो हलला नाही. गावकऱ्यांना नदीच्या वळणावरच अडवलं होतं. पुढं पाण्याच्या काठाशी पाटलाच्या मुलाचं काम करणाऱ्यानं खांद्यावर पाण्याचं मडकं घेऊन तीन फेरे मारले. दिग्दर्शकाला सगळं रीतीप्रमाणे हवं होतं, म्हणून दर फेऱ्याला दगडानं मडक्याला भोक पाडलं गेलं, आणि तिसऱ्या फेऱ्यानंतर ते चांगोच्या डोक्याशी पडून फुटलं. काम संपलं. चांगो उठून बसला, नाकातला कापूस काढला आणि पुढच्या खांद्याला असलेल्या येसाजीकडे विडी मागितली.

येसाजीनं विडी दिली. पेटवूनही दिली. आणि पुढच्या चैत्रात, चांगोचा बाप जाऊन सहा महिने झाल्यावर, गावकीच्या बैठकीत तोच येसाजी हात जोडून उभा राहिला. ज्याचं मडकं फुटलं तो मेला, असं त्यानं अगदी दुःखी आवाजात सांगितलं. चांग्या माझा भाऊ हाय, पण तिरडीवरून उठलेल्याचा खांदा आईला कसा चालंल? जुन्या माणसांनी माना हलवल्या. एवढं साल येसाजीला खांदा देऊ द्या, पुढचं पुढं बघू, असं ठरलं. ते एवढं साल एक्केचाळीस वर्षं चाललं.

मान गेला आणि त्याच्यामागोमाग बाकीचंही गेलं. लग्नात चांगोला हळद लावायला कुणी बोलवेना. बारशाला गेला तर बायका बाळ पदराआड करायच्या. कुणी उघड बोलायचं नाही. त्याच्या हातचा नारळ घ्यायचा आणि बाजूला ठेवून द्यायचा. चिडून चांगोनं एक खोटं रचलं आणि तेच घट्ट धरून ठेवलं. तो म्हणू लागला की मी झोपलो तो तालमीपुरता. मडकं फुटलं तेव्हा तिरडीवर खुद्द अण्णा होते. जवळून पाहणारे गावचे म्हणजे चार खांदेकरी. त्यातले तिघं यथाकाल खऱ्याखुऱ्या तिरडीवर चढले आणि परतले नाहीत. उरला येसाजी, आणि मान खाणाऱ्याची साक्ष कोण धरणार? उलट चांगोच्या बाजूनं तर अख्खा सिनेमा होता. पडद्यावर नाव अण्णांचं, नाक अण्णांचं. तो सिनेमा तुफान चालला. त्या मरणाच्या प्रवेशासाठी अण्णांना बक्षिसं मिळाली. गोमाशी बसली तरी पापणी हलली नाही, असा नट पुन्हा होणे नाही, असं छापून आलं. चांगोनं ते कात्रण कुणाकडून तरी वाचून घेतलं आणि घडी घालून देवाच्या फळीवर ठेवलं.

असा हा माणूस अण्णांचा शत्रू आणि अण्णांच्या कीर्तीचा राखणदार, दोन्ही एकदमच झाला. अण्णांचा एकही सिनेमा त्यानं सोडला नाही. आधी जत्रेतल्या तंबूत, मग कर्जतच्या थेटरात, मग टीव्हीवर, आणि आता नातवाच्या मोबाइलवर. वैऱ्याइतकं बारकाईनं दुसरं कुणी पाहत नाही. गावानं त्या सिनेमांना आपली नावं ठेवली होती, कंडक्टरचा पिक्चर, वकिलाचा पिक्चर, मयताचा पिक्चर. चांगोला प्रत्येकातलं अण्णांचं काम तोंडपाठ होतं. कुठं काम उत्तम झालंय हे त्याला कळायचं, आणि ते कळलं की त्याचा जास्तच जळफळाट व्हायचा.

गेली सहा वर्षं अण्णा कळंबजवळ बंगला बांधून लेकीबरोबर राहत होते. वय शहात्तर. यंदा गावच्या मंडळाचा अध्यक्ष मनोज यानं ठरवलं की जत्रेच्या दिवशी शाळेच्या पटांगणात अण्णांचा सत्कार करायचा. मोठ्या एलईडी पडद्यावर त्यांच्या पाच गाजलेल्या भूमिका दाखवायच्या आणि मग पाहुण्यांनी पालखीला पहिला खांदा द्यायचा. तसा फ्लेक्सही फाट्यावर लागला. त्याच बैठकीत येसाजीनं आपला विषय काढला. गुडघे गेले, आता यंदापासून पुढचा खांदा माझ्या राजेशला लावून द्या, म्हणजे माझा जीव मोकळा.

चांगो मागच्या बाकावरून उठला. एकदा मान पुढच्या पिढीला गेला की तो कायमचा गेला, हे त्यालाही कळत होतं.

"राजेशला द्यायच्या आधी येक करा," तो म्हणाला. "अण्णा येनारच हायत. त्यांनाच माइकवर इचारा, मडकं फुटलं तवा तिरडीवर कोन होता. ते सांगतील ते मला मान्य."

येसाजीचं हसू मावळलं. बैठकीला ही तोड पसंत पडली. चांगोचा हिशेब साधा होता. चाळीस वर्षं ज्या कामावर शाली पांघरल्या, ते काम भर सभेत एका शेतकऱ्याच्या पदरात टाकील असा नट या भूमीत जन्माला यायचाय. नट लोकांना त्यानं जन्मभर पाहिलं होतं. टाळी सोडणारा नट त्याच्या पाहण्यात नव्हता.

आठ दिवस तो ताठ मानेनं फिरला. नवव्या दिवशी आवडी बंगल्यावर भाजी देऊन परत आली ती टोपली न उतरवताच उभी राहिली.

"तुमचं देऊळ बुडालं," ती म्हणाली. "उमाताई सांगत हुती, बाबा तुमच्या मालकांना स्टेजवर बोलवनार हायत. मयताचं काम माझं नाय, चांगोचं, असं सांगनार. शाल पन आनलीय तुमच्यासाठी. लाल."

चांगो तसाच निघाला. पायात चपलाही घातल्या नाहीत.

अण्णा व्हरांड्यात आरामखुर्चीत बसले होते. आवाज मात्र अजून तसाच, शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा. चांगोला पाहून ते उठू लागले. चांगोनं त्यांना उठू दिलं नाही आणि स्वतःही बसला नाही. पाणी आलं, ते घेतलं नाही. मडक्याची, मानाची, गावकीची सगळी कथा त्यानं उभ्यानंच सांगितली. अण्णांनी ती पहिल्यांदाच ऐकली. त्यांना वाटत होतं, ज्याचं श्रेय आपण खाल्लं तो माणूस इतकी वर्षं श्रेयासाठी झुरत असेल.

"म्हंजे मला तुझं देणं द्यायचंय, आणि तुला ते नकोय," अण्णा म्हणाले.

"तुमी माइकवर सांगायचं, मीच हुतो. बास. आजवर सांगत आलावच की."

"सांगत आलो नाही. गप्प बसलो. ते जास्त वाईट." अण्णांनी डोळे मिटले. "चांगो, जन्मभर दुसऱ्यानं लिहिलेलं खोटं बोललो. हे एक स्वतःचं खोटं छातीवर घेऊन मला जायचं नाहीय. मला ते उतरवू दे."

"उतरवा. माझ्या उरावर उतरवा." चांगोचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "अण्णा, तुमाला हलकं वाटंल, टाळ्या पडतील, म्हनतील काय मोठा मानूस हाय. आन् मी? मी माझ्या तोंडानं खोटा ठरनार, आन् मेलेला त मेलेलाच."

"खरं सांगितल्यावर लोक समजून घेतील रे."

"तुमच्या पिक्चरमधले घेतात. आमच्या गावातले नाय घेत."

चांगो पायऱ्या उतरला, आणि जे एक्केचाळीस वर्षांत आवडीलाही बोलला नव्हता ते अंगणातून वळून बोलला.

"तुमच्या आईनं बघू नये म्हनून मी झोपलो. माझी आई तितंच वळनावर उभी हुती. तोंडावर गुलाल हुता, पन टाच उघडी हुती. नांगराच्या फाळाची खून हाय माझ्या टाचेला. तिनं बघितली. वरीस नाय काडलं तिनं त्याच्यापुढं."

फाटक त्यानं आपटलं. घरी येऊन आवडीला एवढंच सांगितलं, की थेरडा ऐकत नाय.

जत्रेच्या दिवशी चार वाजता पटांगण भरलं. ऊन कलायला लागलं होतं, पण खुर्च्या तापलेल्या होत्या. चांगो येणारच नव्हता. आवडीनं त्याला आणला. घरात बसलात तर येसाजी म्हणेल पळाला, आणि तिथं बसलात तर निदान समोरासमोर मराल, असं तिचं म्हणणं. येसाजी पहिल्या रांगेत, कोऱ्या टोपीत, शेजारी राजेश. सहा खुर्च्या सोडून चांगो, पाठीमागे संतोष आणि आवडी. दोघा भावांनी एकमेकांकडे एकदाही पाहिलं नाही, आणि सगळ्या पटांगणानं त्या दोघांकडे पाहिलं.

पडदा उजळला. पहिला आला कंडक्टरचा पिक्चर. त्यात अण्णांना वाक्यं फार थोडी. तिकिटाला भोक पाडता पाडता ते प्रवाशाकडे बघतच नाहीत, आणि एका म्हातारीच्या हातात तिकीट देताना तेवढेच बघतात, कारण ती त्यांच्या मेलेल्या बायकोसारखी पदर धरते. एका नजरेचं काम. चांगोला पुढची प्रत्येक हालचाल ठाऊक होती, तरी तो खुर्चीत पुढं सरकला आणि त्याबद्दल त्यानं स्वतःला मनातल्या मनात शिवी दिली.

मग वकिलाचा. खटला हरल्यावर अण्णा कोट काढतात, खुंटीला अडकवतात, तो खाली पडतो, पुन्हा अडकवतात, पुन्हा पडतो. तिसऱ्यांदा ते कोट उचलत नाहीत, त्याच्याशेजारी जमिनीवर बसतात. लोक आधी हसतात आणि मग गप्प होतात. तिसरा गुत्तेवाल्याचा. त्यातला दुष्टपणा असा की अण्णा कुणावर ओरडत नाहीत. समोरच्याचा सदरा हातानं झटकून साफ करतात, कॉलर सरळ करतात आणि मगच त्याचं घर लिहून घेतात. त्या सिनेमानंतर कर्जतच्या बाजारात बायका अण्णांना पाहून रस्ता बदलायच्या, असं मनोजनं माइकवर सांगितलं. अण्णा खाली मान घालून हसले. चौथ्यात ते आंधळे पेटीवाले होते. बोटं पेटीवर, आणि कान मात्र सतत दाराकडे, पळून गेलेल्या मुलाच्या चपलांच्या आवाजासाठी. मुलगा येतो तेव्हा बोटं चुकतात. एकच सूर चुकतो. एवढ्यावर तो प्रवेश उभा. पन्नास वर्षांची ही कमाई पटांगणातल्या तापल्या खुर्च्यांवर बसून बघताना तरणी पोरंही मोबाइल खाली ठेवून बसली होती.

पाचवा मयताचा.

तिरडी पडद्यावर आली तशी पटांगणातली कुजबुज थांबली. गोमाशी पापणीवर बसली. नाकापर्यंत गेली. परत आली. पडद्यावरचं मढं निश्चल. मडकं फुटलं, पाणी उडालं, पापणी हलली नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला. चांगोनं हात मांडीखाली दाबून धरले होते.

मनोजनं अण्णांना शाल घातली, श्रीफळ दिलं, आणि गावकीच्या सांगण्यावरून तो प्रश्न विचारला. अण्णा माइकशी आले. त्यांनी घाई केली नाही. सगळं पटांगण ताब्यात येईपर्यंत थांबले, ती जुनी सवय.

"त्या तिरडीवर मी नव्हतो," ते म्हणाले. "चांगो भोईर होता."

येसाजीनं सगळ्यांत आधी टाळी वाजवली. मोठ्यानं, हात डोक्याच्या वर नेऊन. चांगो उठून चालायला लागला. आवडीनं मागून त्याचा सदरा पकडला, तो शिवणीत उसवला. माइकवर अण्णा बोलतच होते. आपल्या आईनं घेतलेला शब्द, वळणावर उभी असलेली चांगोची आई, तिनं पाहिलेली टाच. चांगोच्या कानशिलांत रक्त चढलं. ही टाच त्यानं भांडणात बोलून टाकली होती, माइकवर वाटायला दिली नव्हती.

"बक्षिसं मी घेतली आणि मरण त्याला दिलं," अण्णा म्हणाले. "बक्षिसं आता जुनी झाली. पण दुसरी वस्तू वाटून घेता येते. माझी आई जाऊन पस्तीस वर्षं झाली. शब्द सुटला. राहिलेला प्रवेश मी आज करतो."

मनोजला अण्णांनी सकाळीच एक कोरं मडकं भरून ठेवायला सांगितलं होतं. काहीतरी अभिनय करून दाखवणार, एवढंच त्या बिचाऱ्याला वाटलं होतं. अण्णांनी चष्मा काढला, शाळेच्या बाकांवर चादर टाकून घेतली आणि त्यावर उताणे झाले. पाय सोडले, हात सोडले. झोपल्या झोपल्या त्यांनी चांगोला हाक मारली.

"ये रे. मला मुलगा नाही. मडकं तूच फोड."

पुढं येऊन बसलेली त्यांची लेक उमा उभी राहिली, तोंडावर हात ठेवून पुन्हा खाली बसली. चांगो स्टेजवर चढला तो मडकं फोडायला नव्हे. या माणसाला गदागदा हलवून विचारावं, की माझ्या आयुष्यातलं आणखी काय काय तुला खेळ करायला हवंय, एवढंच त्याच्या मनात होतं. पण जवळ गेल्यावर त्याला ते मिटलेले डोळे दिसले, ते उघडं नाक, त्याच्याच नाकासारखं, आता सुरकुतलेलं. मनोजनं त्याच्या हातात मडकं दिलं. चांगोनं ते खांद्यावर घेतलं. फेरे मारताना दगडानं भोकं पाडायला कुणी पुढं आलं नाही, ती त्यानं स्वतःच सत्काराच्या नारळानं ठोकून पाडली. पाण्याची धार पाठीवरून पायापर्यंत आली. तिसऱ्या फेऱ्याला तो अण्णांच्या डोक्याशी थांबला आणि मडकं त्यानं रीतीप्रमाणे मागं सोडून दिलं नाही. दोन्ही हातांनी वर उचललं आणि एक्केचाळीस चैत्रांचं बळ लावून आपटलं.

खापऱ्या पहिल्या रांगेपर्यंत उडाल्या. आणि अण्णा दुर्व्यांची पापणी हलली. नुसती हलली नाही, अख्खं तोंड आक्रसलं, खांदे दचकून बाकावरून उचलले गेले.

मग मागून एक पोरगी फिसकन हसली आणि पटांगण हसू लागलं. अण्णा उठून बसले. त्यांच्या केसांत खापरीचा चुरा होता.

"पाहिलंत?" माइक नसतानाही ते मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. "तालीम मोप केली होती घरी. मला नाही जमलं. त्याला जमलं होतं." मग फक्त चांगोला ऐकू जाईल असं म्हणाले, "फार जोरात फोडलंस."

"मनापासनं फोडलं," चांगो म्हणाला.

लाल शाल त्यानं घेतली नाही. ती बाकावर तशीच राहिली.

देवळापुढं पालखी सजून उभी होती. गुलालानं जमीन लाल झालेली. ठरल्याप्रमाणे पाहुण्यांनी पुढचा खांदा द्यायचा, पाच पावलं चालायचं, फोटो काढायचे आणि खांदा येसाजीकडे द्यायचा. येसाजी दांडीला हात लावून उभा होता. त्याचा चेहरा उजळला होता. साक्ष त्याच्या बाजूनं झाली होती. अण्णा ओल्या सदऱ्यानं पुढं आले. येसाजीनं आदरानं बाजूला होऊन त्यांना जागा दिली.

ओटीचं ताट घेतलेली अंबाबाई तिथंच होती. वय नव्वदीच्या घरात. गावदेवीची पहिली ओटी भरायचा मान तिचा. चांगोच्या हातचं पाणी तिनंही चाळीस वर्षं घेतलेलं नव्हतं.

"थांब रं येसा," ती म्हणाली. "आत्ताच त्याचं मडकं फुटलं ना? सगळ्यांदेखत?"

येसाजी म्हणाला की पाहुण्याची गोष्ट वेगळी असते.

"देवीला पावना येगळा आन् घरचा येगळा, हे कवापासनं? ह्या मेल्याचा खांदा चालतो, मंग त्या मेल्यानं काय घोडं मारलंय?" तिनं ताट दुसऱ्या हातावर घेतलं. "चांग्या खोटाच हाय. जल्मभर खोटं बोलला. पन त्याची आई वळनावर माज्याच हातावर कोसळली हुती. टाच बघून. तवा तू पुडं हुतास, मागं वळून बघितलंस आन् चालत ऱ्हायलास. मी कदी बोलले नाय. आज बोलते. आता येक तर पावन्याला बी घालव, नायतर दोगांना घे."

येसाजीनं गावकीच्या माणसांकडे पाहिलं. ती माणसं फ्लेक्सकडे, ढोलांकडे, आपापल्या पायांकडे पाहत होती. फाट्यापासून देवळापर्यंत जागोजागी अण्णांचे फोटो होते. पाहुण्याला हाकलायचं तर गावाची अब्रू जाते. येसाजी हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. त्यानं राजेशला मागं सरकायला सांगितलं आणि दांडी मात्र सोडली नाही.

ढोल सुरू झाले. अण्णांनी खांदा दिला आणि चार पावलं चालले. पाचव्याला त्यांचा श्वास फुलला. ते दांडीखालून बाहेर आले तेव्हा त्यांनी कुणाला बोलावलं नाही, कुणाकडे पाहिलंही नाही. चांगो गर्दीतून निघाला, त्यानं वाटेतल्या माणसांना कोपरानं दूर केलं आणि दांडीखाली शिरला. येसाजी दुसऱ्या बाजूनं शिरला. दोघांच्या टाळक्यांत जेमतेम वीतभर अंतर राहिलं. उसवलेल्या सदऱ्यातून चांगोचा खांदा उघडा पडला होता आणि दांडी सरळ हाडावर टेकली होती. ती इतकी जड असते हे त्याला ठाऊक नव्हतं.

"तुझ्यायला, वजन माझ्यावर टाकू नको," येसाजी दातांतून बोलला.

"येक्केचाळीस वर्सं येकट्यानं खाल्लंस. आता वजन लागतंय?"

"राजेशला खांदा मिळंलच. मी सोडनार नाय."

"संतोषपन सोडनार नाय."

लोकांना वाटलं, दोघे भाऊ देवीचं नाव घेतायत. नदीपर्यंत ते असेच एकमेकांना घालून पाडून बोलत चालले. वळण आलं तसा चांगो थांबला. रीतीत तिथं थांबायचं नव्हतं. मागचे खांदेकरी एकमेकांवर आदळले, पालखी हेलकावली, कुणीतरी ओरडलं. येसाजीनं विचारलं, काय मेलास का पुन्हा?

रस्त्याच्या कडेला, जिथं तेव्हा त्याची आई उभी होती आणि आता पंपाची खोली आहे, तिकडं तोंड करून चांगोनं उजवा पाय जरासा उचलला आणि टाच मातीत घट्ट रोवली. मग पालखी पुढं ओढली, येसाजीला आवरेना इतक्या जोरानं.